टूर सोडून दोन दिवस मसुरी

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमध्ये राहत होतो आणि बिल्डिंगमध्ये प्रवासातला जाणकार म्हणून माझं नाव होतं. ते कसं झालं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण मी फारसा कुठे गेलोच नव्हतो. पण माझ्याकडे रेल्वेचं टाइमटेबल असायचं, दरवर्षीचं नवं, आणि रविवारी सकाळी गॅलरीत बसून ते मी वाचायचो. त्यामुळे कोणी गावाला निघालं की आधी मला विचारायला यायचं. मी डोळे मिटून, अमुक गाडी अमुक जंक्शनला किती मिनिटं थांबते ते सांगायचो. त्यांना बहुतेक वेळा महाडची एसटी किती वाजता सुटते एवढंच हवं असायचं आणि नेमकं तेच मला माहीत नसायचं.

या ज्ञानाच्या जोरावर मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो की टूरवाल्यांबरोबर मी कधीही जाणार नाही. मेंढरांसारखं शिट्टीवर उतरायचं, शिट्टीवर चढायचं, हा काय प्रवास झाला?

शेवटी टूर बुक केली ती बायकोने. ती नवघरच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि तिथली कामं जशी न बोलता उरकायची, तसंच तिने हेही उरकलं. दिल्ली, आग्रा, मथुरा, हरिद्वार, ऋषिकेश. भाईंदरमधल्याच एका गृहस्थांची छोटी टूर, चाळीस माणसं, बरोबर दोन स्वयंपाकी. मी तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या प्लॅनिंगने आपण लग्नानंतर एकदाच फिरायला गेलो. महाबळेश्वरला म्हणून निघालो आणि दोन दिवस पोलादपूरच्या स्टँडसमोर राहिलो."

घाटात दरड पडली होती, त्याला मी काय करणार? पण हे वाक्य माझं आधी खूप वेळा बोलून झालं होतं.

आता प्रश्न इज्जतीचा होता. बिल्डिंगमध्ये सांगायचं काय? दोन दिवस मी नकाशा घेऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी मला तोड सापडली. टूरचा हरिद्वारला तीन दिवस मुक्काम होता आणि तिथून मसुरी काही तासांवर. "आपण हरिद्वारला टूरमधून बाहेर पडू," मी बायकोला म्हणालो, "दोन दिवस मसुरीला स्वतंत्रपणे राहू आणि टूर दिल्लीला निघायच्या आत परत येऊन मिळू." स्वतंत्रपणे हा शब्द मी त्या महिन्यात इतका वापरला, की समोरच्या बिऱ्हाडातले काका मला जिन्यात पाहिलं की "काय, स्वतंत्रपणे कुठे?" असं विचारायला लागले.

ऑफिसातल्या एकाने मसुरीच्या एका रिसॉर्टचा पत्ता दिला. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, तीनदा खरडून चौथ्यांदा टाइप करून घेतलं. पंधरा दिवसांनी जाड कागदावर उत्तर आलं. वर निळ्या शाईत डोंगराचं चित्र आणि खाली लिहिलेलं की हिमशिखरं दिसणारी खोली आपल्यासाठी राखून ठेवली आहे. ते पत्र मी शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचो. अडचण एवढीच, की आमच्याकडे रिसॉर्ट म्हणजे गोराई-उत्तनच्या बाजूला लोक टायर घेऊन पाण्यात पडतात ती जागा. तळमजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांनी पत्र हातात घेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "स्विमिंग पूल छे ने?" मी त्यांना हिमालयाबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हा, पण स्विमिंग पूल?"

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. लालबागच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं शिकवून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं बाई म्हणायची. त्यांच्या मुलाने त्यांचंही नाव त्याच टूरला घातलं होतं. निघायच्या आठवडाभर आधी बाई वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी पण येते गं तुमच्याबरोबर मसुरीला. चालेल ना?"

बायको म्हणाली, "चालेल काय, या की!"

मला अजिबात चालणार नव्हतं. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणार, चढावर बसकण मारणार. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बाई, तिथे आपलं आपल्याला बघावं लागेल. सकाळी लवकर उठायचं, चालायचं. टूरसारखे लाड नाहीत."

"उठेन की," बाई म्हणाल्या. "तुम्ही हाक मारा फक्त."

टूर सुरू झाली. टूरचे मालक तेच मॅनेजर, गळ्यात शिट्टी, हातात वही. माणूस साधा होता आणि मनापासून सगळ्यांची काळजी घ्यायचा, हे मला तेव्हा दिसत असूनही मान्य करायचं नव्हतं. आग्र्याला रणरणत्या उन्हात त्यांनी सगळ्यांना ताक दिलं, तर मी म्हणालो, "आग्र्याला येऊन ताक कसलं प्यायचं?" मग एकटाच बाहेर जाऊन कसलंसं सरबत पिऊन आलो. मथुरेला गाडी माझ्यासाठी तीनदा थांबली. कारण सांगायची गरज नाही.

हरिद्वारला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बॅगा घेऊन निघालो. मी मालकांना निळ्या डोंगराचं पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "साहेब, जा, मजा करा. फक्त उद्याचा दिवस सोडून परवा चार वाजता गाडी दिल्लीला निघेल. दिल्लीहून आपली रिझर्व्हेशन्स आहेत. मला सगळ्यांना घेऊन जायचंय."

"तीनलाच हजर राहू," मी म्हणालो.

"आणि हे असू द्या." त्यांनी चिवड्याची आणि बेसनाच्या लाडवांची दोन पुडकी पुढे केली.

"छे छे, तिथे रिसॉर्टवर सगळी व्यवस्था आहे," मी हात हलवत म्हणालो. बायकोने माझ्या हाताखालून दोन्ही पुडकी घेतली आणि पिशवीत टाकली.

डेहराडूनपर्यंत ठीक गेलं. तिथून वरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो, निसर्ग बघायला, आणि चौथ्या वळणापासून खिडकीचा उपयोग मला दुसऱ्याच कारणासाठी करावा लागला. बाई मागच्या सीटवर होत्या. त्यांनी पर्समधून आवळासुपारी काढून पुढे केली. त्या मसुरीला उतरल्या तेव्हा मुलाचे कॅनव्हासचे बूट, चापूनचोपून नेसलेली साडी आणि खांद्याला पिशवी, अशा ताज्या दिसत होत्या. मी बॅगेवर बसून होतो.

रिसॉर्ट मसुरीपासून दहा मिनिटांवर आहे, असं पत्रात होतं. ते खरं निघालं, पण जीपने. जीपवाल्याने आम्हाला एका वळणावर उतरवलं आणि खाली जाणारी पायवाट दाखवली. त्या वाटेवर एका हमालाच्या पाठीवर आमच्या बॅगा, त्याच्यामागे बाई, बाईंच्या मागे बायको आणि सगळ्यात मागे, झुडपं धरत धरत, मी. बाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायला मी दोनदा हाक मारली, पण त्या एवढ्या पुढे होत्या की त्यांना ऐकू गेलं नाही.

रिसॉर्टच्या चार खोल्या बांधून झाल्या होत्या. बाकीच्या जागी नुसते खांब आणि त्यातून वर आलेल्या सळया होत्या, आणि एका सळईवर कोणाचं तरी स्वेटर वाळत होतं. ते स्वेटर ज्याचं, तो म्हातारा चौकीदार बाहेर आला. मी पत्र पुढे केलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण डोंगराचं चित्र बघून तो खूश झाला. त्याने आम्हाला दोन खोल्या उघडून दिल्या. मी रुबाबात आत गेलो आणि हिमशिखरांच्या दर्शनासाठी खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर दगडी भिंत. डोंगराची माती खाली येऊ नये म्हणून बांधलेली.

"ये क्या है?" मी चौकीदाराला विचारलं. "बरफ किधर दिखता है?"

"ऊपर छत से दिखता है साहब," त्याने सळयांच्या बाजूला लावलेली शिडी दाखवली. "सुबह पाँच बजे. फिर बादल आ जाता है."

"और खाना?"

"खाना तो बाज़ार में मिलता है, साहब."

बाजार वर, मसुरीत. तेवढ्यात गारा पडायला लागल्या. वर जाणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी चौकीदाराने स्वतःसाठी केलेल्या बटाट्याच्या भाजीतली निम्मी आम्हाला दिली, जाड जाड रोट्या भाजून दिल्या आणि बायकोने पिशवीतून चिवड्याचं पुडकं काढलं. मी दोन मिनिटं त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या मिनिटाला हात पुढे केला. बायकोने पुडकं माझ्याकडे सरकवलं आणि बाईंशी बोलत राहिली. तिने एक शब्द काढला असता तरी मला बरं वाटलं असतं.

सकाळी लवकर उठायचं हे मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. अंगावर तीन रजया होत्या. अंधारातच बायकोने मला हलवलं. "अहो, उठा. बाई केव्हाच्या वर गेल्यात. आकाश स्वच्छ आहे म्हणे."

"आलोच," मी म्हणालो.

मला ते स्पष्ट आठवतं. मी "आलोच" म्हणालो, उठून बसलो, पायमोजे चढवले, मफलर गुंडाळला, शिडी चढून वर गेलो. हे सगळं मी रजईच्या आत, झोपेत केलं. जाग आली तेव्हा आठ वाजले होते आणि खिडकीतली भिंतसुद्धा धुक्यात दिसत नव्हती.

बाहेर दोघी चहा पीत बसल्या होत्या. दोघींचे चेहरे असे झाले होते की मला एकदम परक्या घरात आल्यासारखं वाटलं.

"दिसलं?" मी विचारलं.

बायकोने मान हलवली. बाईंनी कपबशी खाली ठेवली. "सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला हो," त्या म्हणाल्या. "दरवर्षी फळ्यावर खडूने हिमालय काढायचे. मुलं उतरवून घ्यायची. आज कळलं, मी फार बुटका काढत होते."

मी म्हणालो, "उद्या आपण सगळे एकत्र बघू." जसं काही त्या दोघींचं बघायचं राहिलं होतं.

तो दिवस आम्ही वर बाजारात काढला. इतकी गर्दी, की जेसल पार्कच्या नाक्यावरच उभे आहोत असं वाटावं. दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच शिडी चढलो. माकडटोपी, दोन स्वेटर, वर रजई गुंडाळलेली. बाई आणि बायको आल्या, म्हणाल्या, "ढग आहेत," आणि परत झोपायला गेल्या. मी हटलो नाही. सात वाजेपर्यंत मी त्या छतावर बसलो होतो आणि त्या अडीच तासांत मला चौकीदाराची बकरी दिसली, तीही जवळ आली म्हणून. शेवटी चौकीदार वर आला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. "साहब, कल आना था ना," तो म्हणाला.

या नादात निघायला उशीर झाला. मसुरीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि खाली जाणाऱ्या बसची रांग रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. टॅक्सीवाले एकही जागा नाही म्हणाले. मी घड्याळ बघायला लागलो. चार वाजता गाडी, दिल्लीची रिझर्व्हेशन्स, चाळीस माणसं. मी रांगेत पुढे गेलो, मागे आलो, एका पोलिसाला माझं पत्र दाखवलं. डोंगराचं चित्र असलेलं पत्र. का दाखवलं ते विचारू नका.

बायको मात्र एका बाजूला उभी राहून आजूबाजूच्यांचं बोलणं ऐकत होती. मग ती शांतपणे एका मोठ्या बसकडे गेली. बसजवळ पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं ठेपले खात उभी होती. ती त्यांच्यातल्या एका बाईंशी गुजरातीत बोलायला लागली. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे तिची गुजराती माझ्या इंग्रजीपेक्षा बरी होती. पाच मिनिटांत ती हात हलवून आम्हाला बोलवायला लागली. "हरिद्वारलाच चाललेत. मागे तीन जागा आहेत."

ती भावनगरकडची यात्रेची टूर होती. मॅनेजर होता, वही होती, आणि हो, शिट्टीही होती. आम्ही चढलो तसे त्यांनी आमचे हात धरून आम्हाला मागे बसवलं, ठेपले दिले आणि लोणचं दिलं. घाटात गाड्या अडकल्या होत्या आणि बस मुंगीच्या पावलाने चालली होती. वेळ जावा म्हणून त्यांनी भजनं सुरू केली. बाईंना निम्मी येत होती, त्या टाळ्या वाजवून म्हणायला लागल्या. मग मॅनेजर माझ्यापाशी आला. "मराठी भाई, तमे पण एक गाओ!" मी नाही नाही म्हणत होतो, पण पन्नास माणसं वळून बघायला लागल्यावर मी उभा राहून गणपतीची आरती म्हटली, दुसरं काही आठवेना म्हणून. ते सगळे उभे राहिले आणि वळणावळणाच्या घाटात हिंदकळत टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या कडव्याला माझी ओळ चुकली. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

हरिद्वारच्या धर्मशाळेसमोर पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. आमची गाडी उभी होती. आत सगळी माणसं बसलेली, खिडक्यांतून आमच्याकडे बघणारी. मालक दारात उभे होते. मी रस्ताभर माफीची वाक्यं जुळवली होती, ती घडाघडा म्हणायला सुरुवात केली.

"बसा, साहेब," ते म्हणाले. "ड्रायव्हरला सांगितलंय, जेवायला कमी थांबू. जेवलात का तुम्ही?"

ते ओरडले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी मान खाली घालून शेवटच्या सीटपर्यंत गेलो. मधल्या एका आजींनी विचारलं, "मग, दिसला का हिमालय?" आणि मी चालता चालता म्हणालो, "वा! काय विचारता!"

ते असं सुरू झालं. भाईंदरला परत आल्यावर बिल्डिंगमधले सगळे आमच्याकडे जमले आणि माझी गाडी थांबेना. शिखरं कशी उगवत्या उन्हात सोन्यासारखी झळाळली, मी छतावर कसा खिळून उभा राहिलो, हे मी हातवारे करून सांगितलं. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. बाई समोर खुर्चीत बसून ऐकत होत्या आणि त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

समोरच्या काकांनी विचारलं, "बाई, तुम्ही पण बघितलंत ना?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"बघितलं की," बाई म्हणाल्या. "हे सांगतायत तसंच होतं. फक्त आम्ही बघितलं तेव्हा रंग गुलाबी होता. आम्ही जरा लवकर उठलो होतो."

लोक हसले, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र त्यानंतर कोणालाही ते वर्णन सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली जाऊन बाईंना म्हणालो, "बाई, मी झोपलो होतो."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

पुढे बाई आणि माझी बायको अजून दोन टूरना एकत्र गेल्या. एकदा मीही होतो आणि मला सांगतील तिथे मी चढलो, सांगतील तिथे उतरलो. त्या टूरमध्ये बर्फ नव्हतं. बाईंचा मुलगा नंतर डोंबिवलीला गेला, त्याच्याबरोबर त्याही गेल्या, आणि काही वर्षांनी त्या वारल्याचं कळलं. त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. परतल्यावर बायको भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "त्या सकाळी वर काय झालं, ते तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. आधी बाई, मागून ती, दोघीही घाईत चपला न घालताच शिडी चढल्या होत्या आणि सिमेंट इतकं गार होतं की पाय बधिर झाले होते. बाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. आधी नुसती काळी रेघ होती, मग एका टोकाला रंग चढला आणि हळूहळू पुढे सरकत गेला. बाई एकदाच बोलल्या, "पोरांना दाखवायला पाहिजे होतं."

"मला पुन्हा हाक नाही मारलीस?" मी विचारलं.

"मारणार होते. शिडीपर्यंत आले होते तुम्हाला उठवायला."

"मग?"

तिने भाजीचं ताट बाजूला सारलं. "मग वाटलं, तुम्ही वर आलात की बोलायला लागाल. म्हणून परत गेले."